वेबपृष्ठाचे चित्रांसह जतन : पाठ, निर्देश आणि स्क्रिप्ट

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस :
• वेबपृष्ठाची अंतर्गत घडण आणि तीत चित्राचे स्थान कोणते, हे सांगता येईल.
• निरपेक्ष व सापेक्ष पत्त्यांमधील भेद स्पष्ट करता येईल.
• पाने व चित्रे उतरवून घेणाऱ्या स्क्रिप्टचा कार्यक्रम पायरीपायरीने मांडता येईल.
• देवनागरी मजकुराच्या जतनात उद्भवणाऱ्या अडचणी ओळखता येतील.
• जतन केलेली प्रत विश्वसनीय आहे किंवा नाही, हे तपासता येईल.

१. प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासकाला लागणारी बरीच साधने आज आंतरजालावर उपलब्ध आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला, तो मराठी विश्वकोश आता संकेतस्थळावर वाचता येतो. २००३ मध्ये सुरू झालेला मराठी विकिपीडिया, शब्दकोश, जुन्या ग्रंथांच्या प्रतिमा हीही याच प्रकारची साधने होत. परंतु साधन उपलब्ध असणे आणि ते आपल्या हाताशी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. नोकरी, शेती वा घरकाम आटोपून रात्री अभ्यासाला बसणाऱ्या विद्यार्थ्याला नेमक्या त्या वेळी नेटवर्क मिळेलच, याची खात्री नसते.

जतनाचे दुसरे कारण याहून गंभीर आहे. वेबपृष्ठ कायम राहील, अशी हमी कोणीही देत नाही. सामान्य लोकांनी तयार केलेली असंख्य पाने सांभाळणारी याहूची 'जिओसिटीज' ही सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली आणि ज्या पानांच्या प्रती कोणी घेतल्या नव्हत्या, ती वाचकांच्या दृष्टीने नाहीशी झाली. प्रकल्प-अहवालात आज दिलेला संदर्भ परीक्षकाने सहा महिन्यांनी उघडला आणि पान सापडले नाही, तर आपल्या विधानाचा आधारच जातो.

म्हणून उपयुक्त पाने आपल्याजवळ उतरवून ठेवणे हे अभ्यासकाचे एक आवश्यक कौशल्य ठरते. हे काम वरवर सोपे वाटते. पण उतरवलेले पान उघडले की मजकूर दिसतो आणि चित्रांच्या जागी रिकामे चौकोन दिसतात, असा अनुभव अनेकांना येतो. असे का होते, हे समजण्यासाठी प्रथम पानाची घडण पाहिली पाहिजे. वेबपृष्ठ जतन करणे म्हणजे केवळ मजकूर उतरवणे नव्हे, तर मजकूर आणि चित्र यांमधील नाते नव्या जागी पुन्हा जुळवणे होय, हे या घटकाचे मुख्य प्रतिपादन आहे.

२. वेबपृष्ठाची घडण

छापील पुस्तकात मजकूर आणि चित्र एकाच कागदावर असतात. पान झेरॉक्स केले की दोन्ही एकदम मिळतात. वेबपृष्ठाचे तसे नाही. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये सार्वजनिक केलेल्या वेबची पाने प्रारंभी मुख्यतः मजकूर व दुवे यांचीच बनलेली होती. मजकुरात चित्र दाखवण्यासाठीची खूण मार्क अँड्रीसन यांनी १९९३ मध्ये सुचवली आणि त्याच वर्षी 'मोझॅक' या ब्राउझरमुळे ती रूढ झाली. या खुणेचे वैशिष्ट्य असे, की तिच्यात चित्र नसते. चित्राचा पत्ता असतो. ब्राउझर प्रथम पान मागवतो, ते वाचत असताना त्याला चित्रांचे पत्ते सापडतात, आणि मग प्रत्येक चित्रासाठी तो सर्व्हरकडे स्वतंत्र मागणी करतो. ज्या पानावर बारा चित्रे आहेत, त्या पानासाठी किमान तेरा मागण्या होतात. पानाची मांडणी ठरवणारी शैलीपत्रके आणि काही वेळा अक्षरांचे फॉन्टसुद्धा असेच बाहेरून येतात. आपल्याला एकसंध दिसणारे पान हे अशा अनेक फाइलींचे ब्राउझरने ऐन वेळी केलेले संयोजन असते.

उदाहरणादाखल मोडी लिपीची ओळख करून देणारे एखादे पान घ्या. मोडीला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २०१४ मध्ये मिळाले, आणि मोडीचा फॉन्ट आजही प्रत्येक उपकरणावर असतोच असे नाही. त्यामुळे अशा पानांवर अक्षरांची वळणे चित्ररूपाने दाखवण्याचा प्रघात आहे. 'हे अक्षर पुढील अक्षराला कसे जोडले जाते ते पाहा', असे मजकूर म्हणतो आणि पाहण्याची वस्तू चित्रात असते. चित्र गळाले, तर वाक्य शाबूत राहते, अर्थ मात्र जातो. येथे चित्र हे सजावट नसून पाठाचाच भाग आहे.

३. निर्देशांचे दोन प्रकार

चित्राचा पत्ता दोन प्रकारे लिहिता येतो. पहिला निरपेक्ष पत्ता. त्यात संकेतस्थळाचे नाव, फोल्डर आणि फाइलचे नाव असे सर्व काही येते. टपालाच्या पाकिटावरील पूर्ण पत्त्याप्रमाणे तो कोठूनही वाचला तरी एकाच ठिकाणी नेतो. दुसरा सापेक्ष पत्ता. 'याच फोल्डरमधील चित्रे या फोल्डरात असलेली तिसरी फाइल' अशा स्वरूपाचा तो असतो. 'शेजारच्या घरात' या शब्दप्रयोगाचा अर्थ बोलणारा कोठे उभा आहे यावर अवलंबून असतो, तसाच सापेक्ष पत्त्याचा अर्थ पान कोठे आहे यावर अवलंबून असतो.

भाषेतील 'येथे', 'तेथे', 'हा', 'तो' या दर्शक शब्दांचा अर्थ संदर्भाशी कसा बांधलेला असतो, हे भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. 'येथे बसा' हे वाक्य नाशिकला लिहून पणजीला वाचले, तर 'येथे' बदलते. वेबपृष्ठाचेही असेच होते. पान मूळ सर्व्हरवरून आपल्या संगणकावर आले, की त्यातील सापेक्ष पत्ते आपल्या संगणकातील फोल्डरांकडे बोट दाखवू लागतात, आणि तेथे चित्र नसल्यामुळे रिकामा चौकोन उमटतो.

निरपेक्ष पत्त्यांची अडचण याच्या उलट आहे. पान आपल्या संगणकावर असले, तरी असा पत्ता अजूनही दूरच्या सर्व्हरकडेच नेतो. नेटवर्क चालू असेल तोवर चित्रे दिसतात आणि जतन नीट झाले असा समज होतो. नेटवर्क गेले, की चित्रेही जातात. म्हणून जतन करताना दोन्ही प्रकारच्या निर्देशांची व्यवस्था लावावी लागते.

४. ब्राउझरची सोय आणि तिची मर्यादा

एक-दोन पानांसाठी ब्राउझरमधील जतनाची सोय पुरेशी असते. तीत साधारणपणे तीन पर्याय आढळतात. पहिल्यात केवळ मूळ पान मिळते. चित्रे मिळत नाहीत. 'संपूर्ण पान' या दुसऱ्या पर्यायात एक फाइल आणि तिच्याच नावाशी जुळणारा एक फोल्डर तयार होतो. चित्रे फोल्डरात जातात आणि पानातील पत्ते त्यानुसार बदलले जातात. ही फाइल व हा फोल्डर यांची ताटातूट होऊ देऊ नये. केवळ फाइल पेनड्राइव्हवर घेऊन फोल्डर मागे ठेवल्यास चित्रे मिळणार नाहीत. तिसऱ्या पर्यायात पान व चित्रे एकाच फाइलीत बांधली जातात. या रचनेचे 'एमएचटीएमएल' नावाचे प्रमाण आहे. एकच फाइल सांभाळणे सोपे असते. मात्र चित्रांचे मजकूररूपात सांकेतिकीकरण करताना दर तीन बाइटांना चार चिन्हे लागतात, त्यामुळे चित्रांचा आकार सुमारे एक-तृतीयांशाने वाढतो.

पीडीएफ हा आणखी एक मार्ग आहे. वाचनासाठी तो चांगला. पण त्यात दुव्यांची मूळ रचना आणि पानाची खूणव्यवस्था टिकत नाही. शब्दांची वारंवारता मोजणे यांसारख्या भाषिक विश्लेषणासाठी तो गैरसोयीचा ठरतो. आणि पाने पन्नास वा शंभर असतील, तर प्रत्येक पान हाताने उघडून जतन करणे कंटाळवाणे होते. शिवाय एखादे पान राहून गेले, तर ते लक्षातही येत नाही. अशा वेळी स्क्रिप्टचा उपयोग होतो.

५. स्क्रिप्टचा कार्यक्रम

इंग्रजीत 'स्क्रिप्ट' हा शब्द लिपी या अर्थीही येतो. येथे मात्र तो आज्ञावली या अर्थी योजला आहे. संगणकाने क्रमाने पार पाडावयाच्या सूचनांचा लहानसा मजकूर म्हणजे स्क्रिप्ट. व्याकरणाच्या दृष्टीने पाहिल्यास तिच्यातील वाक्ये प्रामुख्याने आज्ञार्थी आणि संकेतार्थी असतात : 'हे कर', 'असे असेल तर ते कर'. चित्रांसह पाने जतन करणाऱ्या स्क्रिप्टचा कार्यक्रम मराठीत पुढीलप्रमाणे मांडता येईल.

(१) यादीतील पुढचा पत्ता घे.
(२) त्या पत्त्यावरील पान सर्व्हरकडे माग. उत्तराचा क्रमांक २०० नसेल, तर तो क्रमांक नोंदवहीत लिही आणि पुढच्या पत्त्याकडे वळ.
(३) मिळालेले पान 'मूळ' या फोल्डरात जसेच्या तसे ठेव.
(४) पानातील चित्रखुणा शोध आणि प्रत्येक खुणेतील पत्ता काढून घे.
(५) पत्ता सापेक्ष असेल, तर तो पानाच्या पत्त्याशी जोडून पूर्ण पत्ता तयार कर.
(६) ते चित्र आधी आणले नसेल, तर आण आणि 'चित्रे' या फोल्डरात अनुक्रमांकाच्या नावाने ठेव.
(७) पानाची दुसरी प्रत कर. तीत प्रत्येक जुन्या पत्त्याच्या जागी आणलेल्या चित्राचा नवा सापेक्ष पत्ता लिही.
(८) काही सेकंद थांब. यादी संपेपर्यंत पहिल्या पायरीपासून पुन्हा सुरुवात कर.

या आठ पायऱ्यांत पाचवी आणि सातवी महत्त्वाच्या आहेत. पाचव्या पायरीत 'शेजारच्या घरात' या निर्देशाचे पूर्ण पत्त्यात रूपांतर होते. ते केल्यावाचून चित्र मागताच येत नाही. सातव्या पायरीत उलट क्रिया घडते : पूर्ण पत्ता पुन्हा सापेक्ष होतो, पण आता तो आपल्या फोल्डराच्या संदर्भात. सहावी पायरी करून सातवी गाळली, तर चित्रे संगणकावर असतात, तरी पानाला ती सापडत नाहीत.

दुसऱ्या पायरीतील क्रमांकांचाही अर्थ जाणून घ्यावा. २०० म्हणजे मागणी पूर्ण झाली, ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही सापडले नाही, आणि ४२९ म्हणजे मागण्या फार वेगाने येत आहेत. शेवटचा क्रमांक दिसल्यास थांबण्याचा अवधी वाढवावा.

अशी स्क्रिप्ट पायथॉन या संगणकभाषेत थोड्या ओळींत लिहिता येते. पानातील खुणा शोधण्यासाठी तीत 'ब्यूटिफुल सूप' हे साहाय्यक साधन वापरतात. लुइस कॅरल यांच्या 'अ‍ॅलिस'कथेतील एका गीतावरून या साधनाचे नाव आले आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्यास जाणून घ्यायला आवडेल.

आपली प्रगती तपासा – १
(अ) चित्रखुणेत चित्र असते की चित्राचा पत्ता?
(ब) सातवी पायरी गाळल्यास काय होईल?

६. तयार साधन : डब्ल्यूगेट

स्वतः स्क्रिप्ट लिहिणे शक्य नसेल, तर ग्नू प्रकल्पातील 'डब्ल्यूगेट' हे १९९६ पासून प्रचलित असलेले मुक्त साधन वापरता येते. वरील बहुतेक पायऱ्या ते स्वतः पार पाडते. कोणत्या पायऱ्या हव्यात, हे आपण पर्यायांच्या नावांनी सांगतो. 'पेज-रिक्विझिट्स' हा पर्याय पानाला लागणारी चित्रे व शैलीपत्रके आणतो. 'कन्व्हर्ट-लिंक्स' हा पर्याय पत्ते बदलतो : जी फाइल उतरवली आहे तिचा पत्ता सापेक्ष होतो आणि जी उतरवलेली नाही तिचा पत्ता निरपेक्ष होतो. 'बॅकअप-कन्व्हर्टेड' या पर्यायाने बदलापूर्वीचे मूळ पानही राखले जाते. 'इनपुट-फाइल' या पर्यायाने पत्त्यांची यादी देता येते आणि 'वेट' या पर्यायाने दोन मागण्यांमधील सेकंद ठरवता येतात. हे पर्याय एकत्र करून आज्ञा एका लहान फाइलीत लिहून ठेवली, की तीच आपली स्क्रिप्ट होते.

या साधनाबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अनेक संकेतस्थळे चित्रे वेगळ्या सर्व्हरवर ठेवतात. विकिपीडियाची चित्रे अशीच वेगळ्या पत्त्यावर असतात. डब्ल्यूगेट आपणहून दुसऱ्या सर्व्हरवर जात नाही. त्यासाठी 'स्पॅन-होस्ट्स' हा पर्याय द्यावा लागतो. दुवे अनुसरत अनेक पाने आणायची असतील, तर 'डोमेन्स' या पर्यायाने सर्व्हरांची मर्यादाही घालावी लागते, अन्यथा ते भलत्याच संकेतस्थळांत शिरू शकते. दुसरी गोष्ट अशी, की काही पानांतील चित्रे वाचक खाली सरकेल तेव्हाच मागवली जातात, आणि तोवर चित्राचा खरा पत्ता वेगळ्याच खुणेत ठेवलेला असतो. काही पाने तर ब्राउझरमध्ये चालणाऱ्या आज्ञावलीतूनच घडतात. डब्ल्यूगेट ती आज्ञावली चालवत नाही. अशा पानांसाठी पान शेवटपर्यंत सरकवून मग ब्राउझरमधूनच जतन करणे श्रेयस्कर.

७. देवनागरीचे विशेष प्रश्न

मराठी पानांच्या जतनात तीन अडचणी विशेषत्वाने येतात.

पहिली फाइलनावांची. युनिकोडच्या प्रचलित 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. पत्त्यात लिहिताना प्रत्येक बाइटासाठी टक्केचिन्ह आणि दोन अक्षर-अंक अशी तीन चिन्हे लागतात. म्हणजे देवनागरीचे एक चिन्ह पत्त्यात नऊ चिन्हांचे होते. 'मोडी लिपी' या शब्दांत काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजून आठ चिन्हे आहेत; पत्त्यात त्यांची बहात्तर होतात. लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थेत फाइलच्या नावास २५५ बाइटांची मर्यादा असते. टक्केचिन्हांच्या रूपात नाव ठेवल्यास देवनागरीची केवळ अठ्ठावीस चिन्हे तीत मावतात. लांब शीर्षकाचे पान या मर्यादेपाशी अडते. यावर उपाय म्हणजे फाइलींना अनुक्रमांकाची छोटी नावे देणे आणि पूर्ण शीर्षक नोंदवहीत लिहिणे.

दुसरी अडचण सांकेतिकीकरणाची. पान कोणत्या पद्धतीने वाचावे, ही सूचना काही वेळा पानात नसते; सर्व्हर ती पानासोबत स्वतंत्रपणे पाठवतो. पान उतरवले की ती सूचना गळते. ब्राउझर मग चुकीचा अंदाज बांधतो आणि 'म' या एका अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हे दिसू लागतात. स्क्रिप्टने प्रतीच्या आरंभी ही सूचना लिहून घ्यावी.

तिसरी अडचण जुन्या पानांची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःचे फॉन्ट वापरीत. त्यांत देवनागरी अक्षरांची वळणे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर बसवलेली असत. तो फॉन्ट असेल तर मराठी दिसे, नसेल तर इंग्रजी अक्षरांची निरर्थक रांग. अशा पानाची चित्रे जपली आणि फॉन्टची फाइल राहिली, तर चित्रे उरतात आणि मराठीच जाते. म्हणून तेथे फॉन्टलाही चित्राइतकेच पाठाचे अंग मानून जतन केले पाहिजे.

८. प्रतीची विश्वसनीयता

प्रत करताना पाठ बदलतो, हे मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला सांगावयास नको. ज्ञानेश्वरीच्या प्रतींमध्ये शिरलेले पाठभेद पाहूनच संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. स्क्रिप्ट हीदेखील एक लेखनिक आहे. तिला झोप येत नाही, परंतु ती सातव्या पायरीत पानात जाणीवपूर्वक बदल करते. म्हणूनच तिसऱ्या पायरीत मूळ पान वेगळे राखले आहे : एक प्रत पुराव्यासाठी, दुसरी वाचनासाठी.

प्रत्येक पानाची नोंद ठेवावी. तीत शीर्षक, पूर्ण पत्ता, उतरवल्याचा दिनांक, फाइलचे नाव, पानात निर्देशिलेल्या चित्रांची संख्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या चित्रांची संख्या असावी. शेवटच्या दोन संख्या जुळत नसतील, तर काय राहिले हे लगेच कळते. विकिपीडियासारखी पाने सतत बदलत असल्यामुळे दिनांकावाचून दिलेला संदर्भ अपुरा ठरतो.

अखेरची तपासणी साधी आहे. इंटरनेट बंद करून जतन केलेले पान उघडावे. इंटरनेट चालू असताना केलेली तपासणी फसवी असते, कारण निरपेक्ष पत्ते तेव्हा दूरच्या सर्व्हरवरून चित्रे आणून दाखवतात. तपासणीनंतर संपूर्ण फोल्डर दुसऱ्या ठिकाणी हलवून पान पुन्हा उघडावे. तेथेही चित्रे दिसली, तर नाते नीट जुळले आहे असे समजावे.

संस्थात्मक पातळीवर हेच काम सॅन फ्रान्सिस्को येथील 'इंटरनेट आर्काइव्ह' १९९६ पासून करीत आहे. तेथील 'वेबॅक मशीन' २००१ पासून सर्वांना खुले आहे. मूळ पान हरवल्यास तेथे अवश्य शोधावे. पण तेथेही काही पानांची चित्रे मिळत नाहीत, हे गृहीत धरून महत्त्वाच्या पानांची प्रत आपल्याजवळ ठेवावी.

९. मर्यादा आणि शिष्टाचार

पान उतरवता येते म्हणून ते आपले होत नाही. भारताच्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यातील कलम ५२ खाजगी वापर व संशोधन यांसाठी उचित वापराची मुभा देते. जतन केलेला संग्रह पुन्हा प्रसिद्ध करण्याची किंवा विकण्याची नाही. विकिपीडियाचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असल्यामुळे श्रेय देऊन व त्याच अटींवर त्याचा पुनर्वापर करता येतो. त्यातील प्रत्येक चित्राचा परवाना मात्र स्वतंत्रपणे पाहावा.

अनेक संकेतस्थळे 'रोबॉट्स' नावाच्या फाइलीत स्वयंचलित साधनांनी कोठे येऊ नये हे लिहून ठेवतात. १९९४ पासूनचा हा संकेत २०२२ मध्ये औपचारिक प्रमाण म्हणून नोंदला गेला. तो पाळावा. लहान संस्थेचा सर्व्हर वेगवान मागण्यांनी मंदावतो आणि त्याचा त्रास इतर वाचकांना होतो. आठव्या पायरीतील थांबणे हे या दृष्टीने आवश्यक आहे. संपूर्ण विकिपीडिया हवा असेल, तर स्क्रिप्ट न चालवता 'किविक्स' या मुक्त साधनातून तयार संग्रह घ्यावा.

सारांश

वेबपृष्ठात चित्रे नसतात, चित्रांचे निर्देश असतात. पान जागा बदलते तेव्हा सापेक्ष निर्देश चुकतात आणि निरपेक्ष निर्देश दूरच्या सर्व्हरवर अवलंबून राहतात. स्क्रिप्ट चित्रे आणते आणि निर्देश नव्या जागेस अनुसरून पुन्हा लिहिते. देवनागरी पानांच्या बाबतीत फाइलनाव, सांकेतिकीकरण आणि फॉन्ट यांची वेगळी काळजी घ्यावी लागते. मूळ प्रत, दिनांकासह नोंद आणि इंटरनेट बंद करून केलेली तपासणी यांमुळे प्रत संदर्भासाठी विश्वसनीय होते.

'आपली प्रगती तपासा – १' ची उत्तरे : (अ) चित्राचा पत्ता. (ब) चित्रे संगणकावर येतील, परंतु पानातील पत्ते जुनेच राहिल्याने ती पानात दिसणार नाहीत.

स्वाध्याय

१. दर्शक शब्द आणि सापेक्ष पत्ता यांतील साम्य स्वतःच्या उदाहरणांनी स्पष्ट करा.
२. 'चित्र हा पाठाचाच भाग असतो' या विधानाची चर्चा मोडी लिपीच्या संदर्भात करा.
३. आपल्या गावाच्या नावातील देवनागरी चिन्हे मोजा आणि पत्त्यात त्यांची किती चिन्हे होतील ते काढा.
४. उपक्रम : आपल्या प्रकल्पासाठी उपयुक्त अशी पाच पाने चित्रांसह जतन करा. प्रत्येकाची नोंद तयार करा, इंटरनेट बंद करून ती तपासा आणि जी चित्रे मिळाली नाहीत त्यांची संभाव्य कारणे लिहा.